कोलू पाटलाचं पाणी

नवेगावबांधचा तलाव माणसांनी बांधलेला आहे, हे तिथं पहिल्यांदा गेलेल्याला सांगून खरं वाटत नाही. चहूकडे डोंगर, डोंगरांवर साग, ऐन, मोह आणि बांबूचं जंगल, आणि मधे नजर पुरत नाही इतकं पाणी. इंग्रज अमदानीतल्या नोंदींत या तलावाचा घेर १७ मैल आणि क्षेत्र ५ चौरस मैलांच्या आसपास दिलेलं आहे. एवढं पाणी देवानंच ठेवलेलं असणार, असं पाहणारा धरून चालतो. मात्र ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या एका गावप्रमुखानं अडवलं. डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळीनं बुजवल्या आणि पावसाचं पाणी खाली पळून जाण्याची वाट बंद केली. त्यानंतर लोकांनी कोलू पाटलालाच देव केलं. तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्याचं ठाणं आहे आणि तिथं तो कोलासूर देव म्हणून पुजला जातो. भोवतीच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात. पाळ बांधताना या सात बहिणी कोलूच्या मदतीला आल्या, अशी तिथली श्रद्धा आहे.

मी बोरी अरबची. यवतमाळहून दारव्ह्याला जाताना अडाण नदीच्या काठी लागतं ते आमचं गाव. काळी जमीन, कापूस, तूर आणि आता सोयाबीन. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे येते ती अडाण: पावसाळ्यात गढूळ होऊन अंगावर येणारी आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटून पडणारी. तळं असतं, ते भरतं, ते गावाच्या मालकीचं असतं, ही गोष्ट मी लहानपणी पाहिलेलीच नाही. शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर विदर्भाच्या एका टोकाला सहा-सात हजार तलाव आहेत हे वाचलं, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला: मग आमच्याकडे का नाहीत? तो प्रश्न पुढे अनेक वर्षं मनातून गेला नाही.

या जानेवारीत कॉलेजच्या मैत्रिणींनी नवेगावबांधला जायचं ठरवलं आणि मी लगेच होकार दिला. आमच्यातली एक पुण्याला असते. पवनेच्या आणि भंडारदऱ्याच्या पाण्यात ती सवडीनं कयाक चालवते. हवा भरायच्या दोन कयाक घडी करून ती गाडीत घालून घेऊन आली. परवानगीची विचारपूस तिनं आधीच करून ठेवली होती. तरीही सकाळी काठावर पोचल्यावर आधी मच्छीमार संस्थेच्या लोकांना भेटायचं आणि ते सांगतील तिकडंच उतरायचं, हा माझा आग्रह होता. पाणी ज्यांच्या पोटाचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय त्यात पाय घालू नये असं मला वाटतं.

काठावर ढिवर मंडळी रात्रीची जाळी काढून मासळी निवडत बसली होती. आमच्या मैत्रिणीनं पंप मारून कयाक फुगवायला घेतली तेव्हा सगळे भोवती जमले. एका म्हाताऱ्या भाऊनं कयाकीच्या बुडाखाली हात घालून ती उचलून पाहिली, बोटांनी कापड दाबून पाहिलं, बसायची जागा पाहिली. मग त्यानं विचारलं, ‘‘बाई, ह्यात उभा रायता येते का?’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘नाही भाऊ, बसूनच चालवायची.’’ तो म्हणाला, ‘‘उभा नाई रायलो त जारा फेकाचा कसा?’’

दिवसभर मला त्याचा हा प्रश्न पुरला. कारण नावेचा इतिहास तिथूनच सुरू होतो. कोणत्या पाण्यात, कोणत्या कामासाठी, बसून की उभं राहून.

ढिवरांचा डोंगा उभं राहायचा आहे. पूर्वी एका अखंड खोडाचं पोट कोरून तो करत. आता तेवढी जाड खोडं मिळत नाहीत आणि मिळाली तरी तोडायची परवानगी नाही, म्हणून फळ्यांचे आणि पत्र्याचे डोंगे आले. आकार मात्र तोच राहिला: लांब, अरुंद, उथळ बुडाचा. एक जण मागं बसून वल्हं मारतो किंवा बांबू रोवून डोंगा पुढं रेटतो, दुसरा पुढं उभा राहून जाळं टाकतो. कमळाच्या पानांतून, देवधान या रानभाताच्या ताटांमधून तो घासत जातो, बुडाखाली फार पाणी लागत नाही. आमच्याकडे अडाणच्या पुरातही असा डोंगा चालायचा असं आजी सांगायची. पूल नव्हता तेव्हा भोई लोक पलीकडच्या माणसांना उतरवून द्यायचे, बाळंतिणीला आधी आणि पाव्हण्याला शेवटी. मी तो पाहिलेला नाही. पूल झाला की डोंगा जातो. नदीवरच्या नावाड्याचं काम रस्त्यानं संपवलं. तलावावरचा डोंगा टिकला, कारण त्याला कुणाला पलीकडे न्यायचं नव्हतं, मासळी काठावर आणायची होती.

आणि कयाक बसायची, कारण ती थंडीतली. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांनी ती सीलच्या शिकारीसाठी घडवली. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, वरून सीलचं कातडं घट्ट शिवलेलं, आणि शिकारी कमरेपर्यंत आत. बर्फाचं पाणी अंगावर येऊ नये म्हणून वरूनही झाकलेली. उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. भाला बसूनच फेकायचा. म्हणजे ही नावसुद्धा पोटासाठी, अन्नासाठीच जन्माला आली. तिची मौज झाली ती फार अलीकडे. जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलानं १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ या छोट्या वल्ह्याच्या नावेतून युरोपातल्या नद्या आणि तळी पालथी घातली आणि पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक लिहिलं. ते इतकं खपलं की हौशी लोकांचे क्लब निघाले. १९०५ मध्ये आल्फ्रेड हॉयरिष या जर्मन विद्यार्थ्यानं घडी करून आगगाडीत नेता येईल अशी कयाक केली आणि रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्यानं ती विकायला काढली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यती सुरू झाल्या.

या घडीच्या कयाकीची आणि आपली एक गाठ आहे, ती फारशी कुणाला माहीत नाही. ऑस्कर स्पेक हा बेकार झालेला जर्मन तरुण १९३२ च्या मे महिन्यात उल्म गावी डॅन्यूब नदीत आपली घडीची कयाक सोडून निघाला. वल्हवत वल्हवत भूमध्य समुद्र, इराणचा किनारा, मकरान, कराची करत तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यानं लंकेपर्यंत उतरला, तिथून पूर्व किनाऱ्यानं वर कलकत्त्याकडे गेला आणि १९३९ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर युद्ध सुरू झालं होतं, म्हणून पोचल्यावर त्याला शत्रूदेशाचा माणूस म्हणून अटक झाली. सात वर्षं आणि सुमारे ५० हजार किलोमीटर. कोकणच्या किनाऱ्यावरून त्या काळात एक माणूस एकटाच कापडाच्या नावेतून गेला, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं नकाशा मागतात.

आमची पुण्याची मैत्रीण एका कयाकीत, दुसरीत आळीपाळीनं आम्ही, आणि बाकीच्या डोंग्यात, असा आमचा तांडा निघाला. पक्ष्यांचे थवे बसतात तो भाग भाऊंनी आधीच हातानं दाखवून वगळला होता. जानेवारीत तिथं उत्तरेकडून आलेली बदकं असतात आणि ती एकदा उठली की लांबवर जाऊन बसतात. काठापासून थोडं आत गेल्यावर मी कयाकीतून खाली पाहिलं. तळाशी पाणवनस्पतींचे लांब पट्टे प्रवाहाच्या बाजूनं कलंडलेले, त्यांच्यामधून बोटाएवढ्या मासळीचे घोळके जाताना दिसत होते. आमची एक मैत्रीण वऱ्हाडीत ओरडली, ‘‘माय वं, पाह्य तं खरी, खालचं सारं दिसून रायलं!’’ हे पाणी नितळ आहे ते त्या वनस्पतींमुळे. त्या गाळ धरून ठेवतात, मासळीला अंडी घालायला जागा देतात, पाण्यातलं जास्तीचं खत शोषून घेतात. त्या उपटल्या की पाणी हिरवं आणि गढूळ होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोंग्यातले भाऊ त्यातल्या एकेका वनस्पतीकडे बोट दाखवून कोणत्या झुडपात कोणती मासळी लपते ते सांगत होते.

आता कोलू पाटील ज्यांच्यातला, त्या कोहळी लोकांकडे येते, कारण या सगळ्याच्या मुळाशी ते आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत पावसाळ्यात १३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण धानाला पाऊस किती पडला याच्यापेक्षा कधी पडला याचं महत्त्व जास्त. रोवणी झाली, पीक पोटरीला आलं आणि नेमका तेव्हा पाऊस दडला, तर बांधीतलं सगळं धान पोचट होतं. त्या शेवटच्या एक-दोन पाण्यांसाठी हे तलाव आहेत. कोहळी शेतकरी धानाबरोबर ऊसही लावायचे आणि उसाला तर पाणी सतत हवं. चांद्याकडे अशी परंपरा सांगतात की, एक गोंड राजा काशीला गेला होता आणि परतताना त्यानं तिथून कोहळ्यांना सोबत आणलं. परंपरा किती खरी ते सोडून देऊ. खरं काय, ते जमिनीवर दिसतं. गोंड राजांच्या काळात जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या तलावाखालची जमीन कसायला मिळे. तलाव बांधणं हा गाव वसवण्याचाच मार्ग होता.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या कसबाचं कौतुक आहे. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात जमाबंदी करायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना याचं नवल वाटलं होतं की कुठलंही मोजणीचं साधन नसताना या लोकांना नुसत्या डोळ्यांनी पाण्याची उतरण कशी कळते. पाळ कुठं टाकायची, सांडवा कुठं काढायचा, पाणी चढलं तर कुठवर जाईल, हे ते चालून पाहून ठरवत. नवेगाव, सिवनी, सिरेगाव हे मोठे तलाव त्यांचेच. मी दुपारी नवेगावच्या पाळीवरून चालले. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला खाली बांध्या, आणि पाळीतून पाणी सोडायचं तुडूम. पाळीवर मोठी झाडं उभी आहेत, त्यांच्या मुळांनी माती धरलेली आहे. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात जातं, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. थेंब वाया जाऊ नये म्हणून पूर्ण खोऱ्याचा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. मला इतिहास शिकवताना किल्ल्यांची आणि लढायांची नावं पाठ करून घ्यावी लागतात. कोलू पाटलाचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तीनशे वर्षं जे काम रोज उपयोगी पडतं आहे, त्याच्या कर्त्याचं नाव मुलांना माहीत असलंच पाहिजे.

आणि मग माझा जुना प्रश्न: आमच्याकडे का नाहीत? एक कारण जमिनीचं. झाडीपट्टीत खाली कठीण जुना खडक आणि वर पाणी धरणारी, लहानलहान डोंगरांनी वेढलेली जमीन. आमच्याकडे कातळावर काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी. दुसरं कारण पिकाचं. कापसाला उभं पाणी नको असतं. पण तिसरं कारण राज्याचं आहे, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नागपूरकर भोसल्यांचं राज्य डलहौसीनं १८५४ मध्ये खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि तिथं इंग्रजांनी गावप्रमुखांना मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. तलावही त्यांच्या मालकीत गेले. म्हणून आज त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. जुने तलाव म्हणजे माजी मालगुजारी, म्हणून सरकारी कागदांत ‘मामा तलाव’. आमचं वऱ्हाड मात्र १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांकडे आलेलं. तिथं सरकारचा व्यवहार सरळ खातेदाराशी होता, मधे मालगुजार नव्हता. गावाच्या वतीनं तलावाची डागडुजी करून घेणारा, आणि त्याबद्दल गावावर वचक ठेवणारा माणूसच आमच्या रचनेत नव्हता.

इंग्रजांनी आमच्याकडे जे बांधलं ते कापसासाठी. आमच्या गावाजवळच्या लाडखेड स्टेशनातून जायची ती शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरो गेज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुरू झाली. किलिक निक्सन या कंपनीच्या भांडवलातून, वऱ्हाडाचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीला नेऊन घालायला आणि तिथून मुंबईला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आमच्या घरातले कित्येक लग्नांचे पाव्हणे त्या गाडीनं आलेत, माझंही तिच्यावर प्रेम आहे. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. त्या गाडीनं आमच्या शेतातलं वाहून नेलं, कोहळ्यांच्या तलावानं शेतात आणून दिलं.

मालगुजारी चांगली होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. मालगुजार वेठ घेत, तलावाच्या पाण्यावर आणि मासळीवर आपला हक्क सांगत, आणि पाळीवर माती टाकणारे हात बहुतेक कुणा दुसऱ्याचेच असत. १९५० च्या कायद्यानं, तेव्हा हा भाग ज्यात होता त्या मध्य प्रदेशातली ही मालकी संपवली. ३१ मार्च १९५१ पासून गावं आणि तलाव सरकारजमा झाले. ते होणं योग्यच होतं. चूक पुढं झाली. मालक गेला, पण देखभालीची ठरलेली रीतही त्याच्याबरोबर गेली. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात नेणं, पावसाच्या तोंडावर पाळीची भगदाडं बुजवणं, तुडूम कधी उघडायचं ते ठरवणं, हे पूर्वी गावानं नेमलेली माणसं करत. आता तलाव खात्याचा झाला. लोक म्हणू लागले, आमचा पाण्याचा हक्क निस्तारात, म्हणजे गावाच्या हक्कांच्या नोंदीत, लिहिलेला आहे, मग पाणीपट्टी कशाची? खातं म्हणू लागलं, पाणीपट्टी नाही तर दुरुस्ती कशातून? दोन्ही बाजूंनी काही ना काही खरं होतं, आणि मधल्या काळात तलाव गाळानं भरत राहिले. १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासळीचा ठेका तिसरीकडे, जंगल चौथीकडे. एकाच पाण्याचे तुकडे पडले.

ढिवरांच्या वाट्याला यातलं काय आलं? मालगुजाराच्या काळात त्यांना तलावात मासे धरायला त्याची मर्जी सांभाळावी लागे. नंतर त्यांच्या सहकारी संस्था झाल्या आणि तलाव ठेक्यानं मिळू लागले. ही खरी सुधारणा. पण ठेक्याबरोबर रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडण्याची शिकवण आली. ही मासळी लवकर वाढते, बाजारात भाव मिळतो. तिला मोकळं पाणी हवं म्हणून तळाच्या वनस्पती काढल्या गेल्या, कुठं गवत खाणारा मासा सोडला गेला. काठावरून बेशरमाची झुडपं आत घुसली. या झुडपाला विदर्भात हे नाव का पडलं ते पाहिलेल्याला सांगावं लागत नाही, तोडलं तिथून पुन्हा फुटतं. मरळ, वाम आणि इतर गावठी मासळी कमी झाली. तिच्याबरोबर शिंगाडा आणि कमळकाकडी हे बायकांच्या हातातलं उत्पन्नही गेलं.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत केलेलं काम मला इथं फार मोलाचं वाटतं. कोणत्या वनस्पतीत कोणती मासळी अंडी घालते, कोणती पाणी स्वच्छ ठेवते, हे त्यांनी ढिवरांकडूनच लिहून घेतलं. मग गावागावांतल्या मंडळींनी, त्यात बायका पुढं, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटली, गाळात नांगर फिरवला आणि गावठी पाणवनस्पती हातानं रोवल्या. अगदी धानाची रोवणी करावी तशा. तलावात झाडं लावायची, ही कल्पना मत्स्यशेतीच्या शिकवणीच्या बरोबर उलटी होती. पण झाडं लागली तिथं गावठी मासळी परतली, आणि पाणीही निवळलं. माझ्या मते कोलू पाटलानंतर झाडीपट्टीच्या तलावांना मिळालेली ही दुसरी मोठी बुद्धी. आणि ती त्या लोकांची आहे ज्यांना गावात बसायला शेवटची जागा मिळायची.

नवेगावचं नाव महाराष्ट्रात पोचलं ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. वनाधिकारी म्हणून ते इथं राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तक कित्येकांनी वाचलं असेल. त्यांना तलावाची, पाखरांची आणि मासळीची ओळख करून देणाऱ्यांत इथले माधवराव पाटील होते, आणि ढिवर तर होतेच. १९७५ मध्ये इथलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, १३३ चौरस किलोमीटरचं, आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. पर्यटक त्यामुळे येतात. जवळच गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. खरोखरच्या हिमालयी तळ्यांच्या देशातून आलेली माणसं आता या माणसांनी केलेल्या तळ्याच्या शेजारी राहतात. तिकडं जायला आम्हाला वेळ उरला नाही.

संध्याकाळी काठावर चूल पेटवून भाऊंनी सकाळच्या मासळीचा रस्सा केला. भात होताच. तिथं एका मावशीनं मला देवधानाबद्दल सांगितलं. तलावाच्या उथळ काठाला आपोआप उगवणारा हा रानभात. दाणा पिकल्याबरोबर झडून पाण्यात पडतो, म्हणून वेळ साधून डोंग्यातून जाऊन तो गोळा करावा लागतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं अन्न चालत नाही, तेव्हा न नांगरता आलेल्या या तांदळाला मागणी असते. माझ्या आजीच्या ऋषिपंचमीच्या ताटात असला तांदूळ मी पाहिला होता. तो कुठून येतो हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. मावशी म्हणाली, ‘‘आता कोन जाते वो तेवढ्यासाटी. पन आमी जातो.’’

आमच्या पुण्याच्या मैत्रिणीच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. पुढच्या हिवाळ्यात आठ-दहा कयाक आणून लोकांना इथं फिरवायचं, आणि गावातल्या पोरांना ते काम शिकवायचं. तिनं ते बोलून दाखवल्यावर संस्थेची मंडळी थोडा वेळ आपसात बोलली. मग म्हाताऱ्या भाऊंनी अटी सांगितल्या आणि तिनं त्या मोबाइलमध्ये टिपून घेतल्या. सगळी परवानगी संस्थेच्या नावानं काढायची. प्रत्येक कयाकीमागं एक ढिवर पोरगा सोबत, त्याची मजुरी रोजच्या रोज. जाळी लावलेल्या जागी अजिबात जायचं नाही. पाखरांच्या बाजूला तर बिलकुल नाही. पाण्यात काही टाकायचं नाही, तळाचं गवत वल्ह्यानं ओढायचं नाही. आणि काठाचा देवधानाचा पट्टा दाणा गोळा होईपर्यंत बंद.